मावशींनी मुलीला दिलेला शब्द

हॉस्पिटलात त्यांना सगळेच मावशी म्हणत. मोठे सर्जन म्हणत, झाडूवाले म्हणत आणि त्यांच्याहून दहा वर्षांनी मोठ्या असलेल्या हेड नर्सही म्हणत. तळघरातली लाँड्री त्यांच्या ताब्यात होती. सहा धुण्याची यंत्रं, चार ड्रायर, चादरींना इस्त्री करणारा एक लांबलचक गरम रोलर आणि हाताखाली सात माणसं. वरच्या पाच मजल्यांवर जे काही सांडे, गळे, वाहे, ते संध्याकाळपर्यंत तळघरात उतरायचं आणि सकाळी पांढरं होऊन वर जायचं. मावशींचं शिक्षण दहावीपर्यंत. पण कापडावरचा डाग रक्ताचा, औषधाचा की चहाचा, हे त्या हात न लावता सांगत.

लाँड्रीत त्यांचा एक नियम होता. डॉक्टरांच्या कोटांच्या खिशात काय काय सापडायचं: पेनं, अंगठ्या, गोळ्या, कधी घडी घातलेली चिठ्ठी. सापडलेली वस्तू पाकिटात घालायची, वर कोटाचा नंबर लिहायचा आणि परत पाठवायची. चिठ्ठी असेल तर वाचायची नाही. एकदा नवीन लागलेल्या बाईने एका तरुण डॉक्टरच्या खिशातली चिठ्ठी मोठ्याने वाचायला सुरुवात केली. सगळ्या हसायला लागल्या. मावशींनी येऊन शांतपणे चिठ्ठी तिच्या हातातून काढून घेतली, पाकिटात घातली आणि म्हणाल्या, "आपल्याला कोट धुवायला दिलाय, माणूस नाही." त्यानंतर त्या बाईने कानाला खडा लावला.

घरी दोन खोल्या आणि एक स्वयंपाकघर. नवरा बाटल्यांच्या कारखान्यात यंत्रं दुरुस्त करायचा. हात सोन्यासारखा, पण डोकं फार लवकर तापायचं. दोन मुलं. थोरली मुलगी तेव्हा तेरा वर्षांची होती, धाकटा आठ वर्षांचा. थोरलीला चित्रांचं वेड. हातात पेन्सिल आली की वहीचा कोपरा, वर्तमानपत्राचा मोकळा कागद, बिलाची मागची बाजू, काही म्हणजे काही सुटायचं नाही.

शाळेचा अभ्यास फोनवर यायला लागला, तेव्हा तिला बापाचा जुना फोन मिळाला. फोन देण्याआधी मावशींनी हॉस्पिटलमधल्या तरुण नर्सेसना विचारून विचारून त्यांच्या नाकी नऊ आणले. काय काय असतं, कुठे काय बंद करता येतं, कोण कोणाला शोधू शकतं. मग एका रविवारी सकाळी थोरलीला समोर बसवलं आणि दोघींनी मिळून करार केला. फोन स्वयंपाकघरात चार्ज व्हायचा, झोपायच्या खोलीत जायचा नाही. उघडायचा आकडा आईला माहीत असायचा, पण मुलीला सांगितल्याशिवाय आई तो वापरणार नाही. नाव, शाळा आणि घराचा पत्ता अनोळखी माणसाला द्यायचा नाही.

"आणि शेवटचं," मावशी म्हणाल्या. "काही चुकलं, काही घाणेरडं दिसलं, कोणी घाबरवलं, तर मला येऊन सांगायचं. सांगितलंस म्हणून मी फोन काढून घेणार नाही. ओरडणारही नाही. हा माझा शब्द."

नवरा दाढी करता करता बाहेर आला. "असला शब्द कोण देतं? उद्या हिने काहीतरी भलतंच केलं तर?"

"तेव्हाच तर तो शब्द लागेल," मावशी म्हणाल्या.

थोरलीला एक खेळ सापडला होता. एकाने पडद्यावर बोटाने चित्र काढायचं, बाकीच्यांनी ते कशाचं आहे ते ओळखायचं. त्यात तिचं नाव होतं 'पेन्सिल'. मावशींनी आठवडाभर तिच्या खांद्यावरून बघितलं आणि मग म्हणाल्या, "मलाही खेळायचंय." पहिल्याच डावात त्यांना हत्ती काढायचा होता. त्यांनी जीव ओतून हत्ती काढला आणि चारही जणांनी लिहिलं, किटली. घरात हसून हसून मुरकुंडी वळली. धाकट्याने आईचं नावच 'किटली' ठेवलं आणि खेळातही त्या किटली म्हणूनच उतरू लागल्या. रोज जेवणाआधी अर्धा तास. त्या कायम हरायच्या. पण पेन्सिल कोणाबरोबर खेळते, कोण नेहमी येतं, कोण चिडकं आहे, कोण चित्र सोडून शब्दच लिहून टाकतं, याची त्यांना खडा न खडा माहिती असे.

त्यातच एक 'मैना' होती. आपण चौदा वर्षांची आहोत, असं सांगायची. पेन्सिलच्या चित्रांची तोंडभरून स्तुती करायची. मावशींना ती जरा गोड-गोड वाटायची, पण स्तुती केली म्हणून कोणावर संशय कसा घ्यायचा?

मग लाँड्रीत एक यंत्र बिघडलं, दोन बायका आजारपणाच्या रजेवर गेल्या आणि मावशींच्या मागे दोन माणसांचं काम लागलं. घरी यायच्या तेव्हा पायांचे नुसते गोळे झालेले असत. किटली सहा आठवडे खेळात उतरली नाही. पुढे कधीही हा विषय निघाला की त्या हे सहा आठवडे स्वतःहून सांगत, कोणी न विचारता.

एका शनिवारी त्या घरातले कपडे गोळा करत होत्या. तेव्हा त्यांना दाराच्या मागे, हुकावर, एक ओला अभ्रा दिसला. थोरलीच्या उशीचा. तिने स्वतः धुतलेला. जी मुलगी पायमोजे काढून तिथेच टाकून पुढे जाते, जिला दहा वेळा सांगितल्याशिवाय रुमाल बादलीत पडत नाही, तिने अभ्रा धुवून दाराआड वाळत घातला होता. त्यांनी अभ्रा हातात घेतला. नीट पिळलेलासुद्धा नव्हता. लहान मुलं रडून रडून उशी भिजवतात आणि ते कोणाला कळू नये म्हणून अभ्रा धुतात, हे त्यांनी मुलांच्या वॉर्डातल्या कपड्यांतून कितीदा ओळखलं होतं.

मग एकेक गोष्ट आठवायला लागली. गेले काही दिवस पोरगी फोन पालथा ठेवते. जेवताना ताटाकडेच बघते. आणि घरात कुठेच नवीन चित्र नाही. बिलांच्या मागच्या बाजू कोऱ्या पडल्या आहेत.

थोरली आंघोळीला गेली होती. फोन स्वयंपाकघरात, चार्जरला लावलेला. मावशींनी तो उचलला. आकडा माहीत होता. चार बोटांचं काम. बाथरूममधून पाण्याचा आवाज येत होता. त्या कितीतरी वेळ तशाच उभ्या राहिल्या. मग फोन होता तसा ठेवला आणि खुर्चीवर बसून राहिल्या.

मुलगी केस पुसत बाहेर आली, तेव्हा त्या म्हणाल्या, "बस जरा. मी आत्ता तुझा फोन हातात घेतला होता. उघडला नाही. पण उघडावासा वाटला, कारण मला भीती वाटतेय. काय झालंय?"

"काही नाही."

"शाळेत काही?"

"काही नाही म्हटलं ना, आई."

"बरं," मावशी म्हणाल्या. "आज मी विचारणार नाही. पण सोमवार संध्याकाळपर्यंत तू सांगितलं नाहीस, तर आपण दोघी शेजारी बसून फोन उघडायचा. चोरून नाही, तुझ्यासमोर. तेवढा वेळ तुझा."

मुलगी उठून गेली. मावशींनी तो शनिवार आणि रविवार कसा काढला ते त्यांचं त्यांनाच माहीत. नवऱ्याला काही बोलल्या नाहीत. तो आधी दार आपटेल आणि मग विचारेल, हे त्या ओळखून होत्या. दोन्ही दिवस फोन त्यांनी स्वयंपाकघरात डोळ्यांसमोर ठेवला आणि मुलीच्या आसपास राहिल्या. भाजी तिच्याजवळ बसून निवडली, तिच्या शेजारी बसून बटणं लावली. एक शब्द विचारला नाही.

सोमवारी चार वाजता, शाळा सुटल्यावर, थोरली लाँड्रीच्या दारात येऊन उभी राहिली. गणवेशात, दप्तर पाठीला. ती याआधी तळघरात दोनदाच आली होती. ड्रायर घरघरत होते, रोलरची वाफ पसरली होती. मावशींनी तिच्याकडे बघितलं आणि हातातल्या चादरीचं एक टोक तिच्या पुढे धरलं.

"धर. एकटीला जमत नाही ही."

खरं तर वीस वर्षं त्या एकट्याच चादरींच्या घड्या घालत आल्या होत्या. दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या. टोकाला टोक लावलं, ताणलं, झटकलं, जवळ आल्या, पुन्हा लांब गेल्या. तिसऱ्या चादरीला मुलगी बोलायला लागली. यंत्रांचा आवाज इतका होता की दोघींशिवाय कोणाला काही ऐकू जाणं शक्य नव्हतं. आणि चादर धरलेली असली की एकमेकींच्या तोंडाकडे बघावं लागत नाही.

मैना म्हणाली होती, या खेळात नीट बोलता येत नाही, दुसऱ्या ॲपवर ये. तिथले निरोप वाचले की आपोआप पुसले जातात. मग म्हणाली, मी तुझं चित्र काढते, चेहऱ्याचा फोटो पाठव. मुलीने पाठवला. मग म्हणाली, अजून एक, अजून एक. मग एक असा, जो थोरलीला पाठवायचा नव्हता. मैना रुसली. चार दिवस बोलली नाही. म्हणाली, तुझा माझ्यावर विश्वासच नाही. शेवटी थोरलीने पाठवला. आणि त्याच दिवशी मैनाचं बोलणं बदललं. आता ती मुलगीच उरली नाही. आणखी फोटो पाठव, नाहीतर हा तुझ्या शाळेतल्या सगळ्यांना जाईल. आईला सांगितलंस तरी जाईल.

"मी नाही पाठवला दुसरा," थोरली म्हणाली. "पण तो रोज लिहितो. आई, मी शाळेचं नाव सांगितलं नव्हतं. शप्पथ. तरी त्याला माहितीये."

मावशींच्या हातातली चादर खाली घसरली. त्यांनी ती उचलली नाही. तोंडाशी आलं होतं, अगं, पाठवलास कशाला? तो प्रश्न त्यांनी गिळला. नंतर त्या सांगायच्या, आयुष्यात एवढं जड काही गिळलं नाही. त्यांनी मुलीला जवळ घेतलं.

"तू सांगितलंस," त्या म्हणाल्या. "फार मोठं काम केलंस. बाकीचं आता माझ्याकडे."

"फोन घेशील?"

"फोन लागेल मला थोडे दिवस. काम आहे त्याच्याशी. शिक्षा म्हणून नाही. शब्द दिलाय ना."

संध्याकाळी घरी नवऱ्याला सांगितलं. जे व्हायचं तेच झालं. तो ताडकन उठला, फोन उचलला आणि म्हणाला, "हा आधी भिंतीवर फोडतो. हिला ही अवदसा दिली कोणी?" थोरली कोपऱ्यात भिंतीला चिकटली. धाकटा रडायला लागला.

मावशी मध्ये उभ्या राहिल्या. आवाज चढवला नाही. "फोडा. म्हणजे तो माणूस सुटेल आणि आपली पोरगी पुन्हा कधी आपल्याला काही सांगणार नाही. दोन्ही कामं एकाच फटक्यात."

"पुरावा आहे तो," मावशी म्हणाल्या. "तुमचा फोन द्या इकडे. निरोप आला की पुसला जातो म्हणे. आपण दुसऱ्या फोनने पडद्याचा फोटो काढायचा. यंत्र बिघडलं की तुम्ही आधी काय करता? हातोडा घालता?"

त्याने फोन हळूच टेबलावर ठेवला. मग आपला खिशातून काढला आणि खुर्चीत बसला. थोड्या वेळाने त्याने कोपऱ्याकडे न बघताच हात लांब केला. मुलगी येऊन त्याच्या शेजारी बसली.

त्या संध्याकाळी आलेले तीन निरोप त्यांनी तसे टिपले. उत्तर एकाचंही दिलं नाही. मावशींनी लाँड्रीत असते तशी एक वही केली. तारीख, वेळ, काय लिहिलं, कोणत्या नावाने लिहिलं. जुने निरोप पुसले गेले होते, पण थोरलीला बरेचसे आठवत होते. आठवले तसे लिहिले आणि बाजूला लिहिलं, 'आठवणीतून'. खेळातल्या जुन्या गप्पा मात्र तशाच होत्या. त्या वाचता वाचता एका जागी मावशी थांबल्या. थोरलीने मैनाला आनंदाने सांगितलं होतं, माझ्या चित्राला पहिलं बक्षीस मिळालं. स्पर्धेचं नाव लिहिलं होतं.

ज्यावर त्या घरचे फोटो टाकत, ते फोनवरचं स्वतःचं पान त्यांनी उघडलं. बक्षिसाच्या दिवशी त्यांनीच मोठ्या कौतुकाने टाकलेला फोटो. मुलीच्या हातात चित्र, खाली स्पर्धेचं नाव, आणि मागे शाळेची भली मोठी पाटी. स्पर्धेचं नाव टाकून शोधलं, तर कोणालाही सापडेल असा.

मावशींनी थोरलीला हाक मारली आणि फोटो दाखवला. "बघ. शाळा तुझ्याकडून नाही कळली त्याला. माझ्याकडून कळली. माझं चुकलं." हे कोणाला सांगायची गरजच नव्हती, त्यांना ते गुपचूप पुसून टाकता आलं असतं. पण मुलगी इतके दिवस स्वतःला दोष देत होती, आणि त्यातला आपल्या वाटणीचा दोष तिच्या डोक्यावरून उतरवणं त्यांना जास्त गरजेचं वाटलं. वहीत त्यांनी तेही लिहिलं. मग फोटो काढून टाकला.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून नवरा-बायको पोलीस चौकीत गेले. टेबलामागच्या हवालदाराने अर्धं ऐकलं आणि नेहमीचा प्रश्न टाकला, "मुलांच्या हातात फोन देताच कशाला तुम्ही लोक?"

"साहेब," मावशी म्हणाल्या, "रस्त्यावर मुलाला कोणी गाडीने उडवलं, तर मुलाला रस्त्यावर पाठवलं कशाला, असं आधी विचारता का?"

आतल्या खोलीतून एक बाई बाहेर आल्या. असल्याच तक्रारी बघणाऱ्या अधिकारी. डोळ्यांखाली काळी वर्तुळं, हातात गार झालेला चहा. त्यांनी वही उघडली, चार पानं वाचली आणि मान वर केली.

"कोणी सांगितलं असं लिहायला?"

"लाँड्रीत असंच लिहितो आम्ही. कुठल्या वॉर्डातून काय आलं, किती वाजता."

"ताई, निम्मे लोक माझ्याकडे येतात ते सगळं पुसून येतात. लाजेने. मग आम्ही कशाच्या मागे धावायचं?" अधिकारीबाईंनी समोर खुर्ची ओढली. पुढचा तासभर त्यांनी काय करायचं ते नीट सांगितलं. त्याच्या ॲपवरच्या खात्याचा पत्ता टिपून मग त्याला बंद करायचं, खेळवाल्यांकडे आणि ॲपवाल्यांकडे तक्रार करायची, तो फोटो कुठे इंटरनेटवर आलाच तर काढून टाकायला लावता येतो, ते काम पोलीस करतील. "आणि तो काहीही मागो, दुसरं काही पाठवायचं नाही. एकदा दिलं की त्याची भूक वाढते."

सगळं तसंच केलं. तरी सोपं गेलं नाही. दहा दिवसांनी त्या माणसाने दुसऱ्या नावाने थोरलीच्या वर्गातल्या दोन मुलींना फोटो पाठवला. एकीने तो लगेच आपल्या आईला दाखवला. दुसरीने आणखी दोघींना पाठवला.

मावशी शाळेत गेल्या. मुख्याध्यापिका चांगल्या होत्या, पण घाबरल्या होत्या. "आपण हे जरा शांतपणे घेऊ या का? मुलीचं नाव, शाळेचं नाव, चारचौघात..."

"नाव माझ्या मुलीचं घेऊच नका," मावशी म्हणाल्या. "पण वर्गाला सांगा, की असा कोणाचा फोटो आला तर तो पुढे पाठवणारा त्या माणसाचं काम करतो. आणि घरी सांगा. मूग गिळून बसलात तर मुलं आपसातच बोलतील, आणि ते आपल्याला ऐकूही येणार नाही."

वर्गशिक्षकांनी सांगितलं. पुढे पाठवणाऱ्या मुलीची आई संध्याकाळी तिला घेऊन घरी आली. मुलगी दारातच रडली. थोरलीने दार लावलं नाही. पण दोन दिवस थोरली शाळेत गेली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी गणवेश घालून, बूट बांधून तयार झाली. मावशींनी विचारलं, "सोडायला येऊ?" ती म्हणाली, "फाटकापर्यंत." त्या फाटकापर्यंत गेल्या आणि तिथेच थांबल्या. थोरली आत शिरली तेव्हा वर्गातली एक मुलगी, जिने फोटो आईला दाखवला होता ती, तिच्या शेजारून चालायला लागली.

चार महिने गेले. मग अधिकारीबाईंचा फोन आला. माणूस सापडला होता. दुसऱ्या एका शहरातला, चाळिशी ओलांडलेला, ऑफिसात साधी नोकरी करणारा. शेजाऱ्यांच्या मते अगदी सभ्य. त्याच्या फोनमध्ये अकरा मुलांचे फोटो होते. वहीतल्या वेळा आणि त्याच्या फोनच्या वेळा तंतोतंत जुळल्या, त्याचा फार उपयोग झाला, असं बाई म्हणाल्या.

मावशींच्या जीवाला थोडं बरं वाटलं. पण त्यांनी एक विचारलं, "अकरापैकी किती जणांनी तक्रार केली होती?"

"तीन."

"आणि बाकीची आठ?"

"पोलीस घरी गेले तेव्हा आईबापांना कळलं."

ही आठ मुलं मावशींच्या मनातून जाईनात. रोलरवर चादर सोडताना, भात शिजत घालताना, बसमध्ये बसल्यावर, त्यांना वाटे, ती आठ जणं कोणत्या खोलीत बसली असतील, कोणता अभ्रा धुवत असतील. शाळेने पुढच्या महिन्यात पालकांची सभा ठेवली तेव्हा त्या आपणहून बोलायला उभ्या राहिल्या. थोरलीला आधी विचारलं होतं. ती म्हणाली, "सांग. पण माझं म्हणून नको. एका मुलीचं म्हणून सांग." त्यांनी तसंच सांगितलं.

सभेत एका वडिलांनी विचारलं, "मुलांवर नजर ठेवायला नेमकं कोणतं ॲप घालावं? आम्हाला तेवढं सांगा, म्हणजे झालं."

"घाला ना," मावशी म्हणाल्या. "माझ्या घरीही घातलंय. अनोळखी माणसाचा निरोप येत नाही, लहानग्याला ठराविक वेळच खेळता येतं. कुलूप हवंच. पण न सांगणाऱ्या त्या आठ मुलांच्या घरांमध्येही कुलपं असतीलच की. कमी होती ती एवढीच, की मूल येऊन म्हणेल, आई, माझ्या हातून असं झालं, आणि आई आधी ओरडणार नाही." मग जरा थांबून म्हणाल्या, "आणि आपली स्वतःची पानं बघा. आपणच पोरांच्या शाळेच्या पाट्या जगाला दाखवतो. मी दाखवली होती."

मागच्या रांगेत एकेक फोन बाहेर निघाले. लोक आपापले जुने फोटो बघत होते.

तेव्हापासून लाँड्रीतल्या दुपारच्या जेवणाच्या सुट्टीला वेगळंच स्वरूप आलं. कोणी नर्स डबा घेऊन खाली येई, कोणी वॉर्डबॉय, कोणी पेशंटची नातेवाईक. मुलगा दिवसभर खोलीचं दार लावून बसतो, मुलीला कोणीतरी रोज भेटवस्तू पाठवतं म्हणे, काय करू? मावशींना सगळं येत होतं अशातला भाग नाही. येत नसे ते त्या स्पष्ट सांगत आणि अधिकारीबाईंचा नंबर देत. आणि इथे ऐकलेलं कधीही वर गेलं नाही. दोनदा तर त्यांनी स्वतः सोबत जाऊन तक्रार नोंदवली.

घरातही बदल झाला. नवऱ्याने एके दिवशी कामावरून येऊन न जेवता थोरलीला म्हटलं, "मलाही शिकव तो खेळ." त्याने बोल्ट काढला, सगळ्यांनी मशरूम ओळखलं आणि तो इतका चिडला की धाकटा टेबलाखाली लोळत हसला. थोरलीने चित्रं पुन्हा सुरू करायला मात्र सात-आठ महिने घेतले. मावशींनी घाई केली नाही. बिलं नेहमीच्याच जागी, उलटी करून ठेवत राहिल्या.

सोळाव्या वर्षी थोरलीने मागणी केली, फोनचा आकडा आता माझा मला ठेवू दे. मावशींनी दोन दिवस विचार केला. नवरा म्हणाला, आत्ता नको. पण त्या म्हणाल्या, मोठी होतेय, तिला राखायचं तर आता तिनेच राखायला शिकलं पाहिजे; आणि हो म्हणाल्या. त्या रात्रीचं जेवण झाल्यावर थोरलीने धाकट्याला समोर बसवलं. त्याला आता स्वतःचा फोन मिळणार होता. तिने आपल्या अक्षरात नवा करार लिहिला होता. तो आईच्या करारापेक्षा लांब होता आणि पुष्कळ कडक होता. धाकटा एकेका कलमावर भांडत होता. मावशी भांडी पुसत ऐकत होत्या, मध्ये पडल्या नाहीत.

एका दुपारी हॉस्पिटलमधले सर्वांत मोठे सर्जन तळघरात आले. त्यांना तिथे कोणी कधी पाहिलं नव्हतं. बायका उठून उभ्या राहिल्या. ते संकोचून म्हणाले, "मावशी, दोन मिनिटं आहेत का?" मावशींनी बाकीच्यांना खुणेने चहाला पाठवलं आणि धुतलेल्या चादरींचं एक गाठोडं बसायला पुढे सरकवलं. सर्जन त्यावर बसले. त्यांचा नऊ वर्षांचा मुलगा कुठल्याशा खेळात सारखा असतो, कोणाशी तरी बोलतो, विचारलं की पडदा बंद करतो.

"कोणता खेळ?" मावशींनी विचारलं.

सर्जननी आठवून बघितलं. "नाव नाही लक्षात. किल्ले वगैरे बांधतात."

"त्याच्याबरोबर कधी खेळलात?"

"मला वेळ कुठे असतो?"

"मग आज संध्याकाळी अर्धा तास काढा. त्याला म्हणा, मला शिकव. आणि जिंकायला जाऊ नका." मावशींनी रोलर बंद केला. "गुरुवारी या पुन्हा. तोवर तो कोणाशी बोलतो ते तुम्हाला त्यानेच सांगितलेलं असेल. नाही सांगितलं, तर आपण दोघं मिळून पुढचं बघू."

गुरुवारी सर्जन आले, सोबत मुलगाही होता. मुलाने आधी सगळी यंत्रं फिरून पाहिली, ड्रायरच्या काचेला नाक लावून झालं, आणि मग वडिलांनी न सांगताच तो मावशींच्या शेजारी येऊन बसला आणि बोलायला लागला.